शिक्षकाच्या शिकण्याचा नकाशा : चिन्हांकडून रेषांकडे

वर्गात शिकवण्यासाठी शिक्षक कोणती डिजिटल साधने वापरतात, याची मोजदाद सतत होत असते. किती शाळांत संगणक पोचले, किती वर्गांत प्रोजेक्टर लागले, कोणते अॅप किती जणांनी उतरवून घेतले, हे आकडे अहवालांतून छापले जातात. पण शिक्षक स्वतः शिकतो कशातून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अपूर्णांकांचा धडा अडला की तो कोणाला विचारतो, नवी कल्पना त्याला कुठे भेटते, ती तो कुठे जपून ठेवतो आणि पुढे कोणाला देतो, याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. ते शब्दांत सांगायला शिक्षकालाही जड जाते, कारण हे शिकणे दिवसभर तुकड्यातुकड्यांनी चाललेले असते आणि त्यातले बरेचसे नकळत घडते. म्हणूनच ते कागदावर काढून दाखवावे, अशी कल्पना पुढे आली. मध्यभागी स्वतः, भोवती साधने, मध्ये जोडणाऱ्या रेषा. गेल्या वीसेक वर्षांत अशी चित्रे जगभर काढली गेली, त्यांवर संशोधन झाले, त्यांच्या पद्धती ठरल्या. या साऱ्याचा आढावा घेताना मला एक गोष्ट ठळकपणे जाणवते : या नकाशांत साधनांची चिन्हे काढण्यावर जेवढी मेहनत झाली, तेवढी त्यांना जोडणाऱ्या रेषांवर झाली नाही. आणि नकाशाचा खरा उपयोग रेषेत आहे.

सुरुवातीचा काळ पाहू. २००५ च्या जानेवारीत इंग्लंडमधील बोल्टन विद्यापीठात काम करणाऱ्या स्कॉट विल्सन यांनी भविष्यातल्या शिकण्याच्या वातावरणाचे एक चित्र काढले. तोवर ऑनलाइन शिक्षण म्हणजे संस्थेने उभारलेली एक बंदिस्त प्रणाली, असेच समीकरण होते. विल्सन यांच्या चित्रात ती प्रणाली केंद्रस्थानी नव्हती. शिकणारा माणूस इंटरनेटवरच्या निरनिराळ्या सेवा स्वतः जोडून घेतो आणि संस्था ही त्यांपैकी केवळ एक, असे ते दाखवत होते. पुढच्या वर्षी कॅनडातील रिजायना विद्यापीठाचे अलेक कूरोस यांनी आपल्या प्रबंधात जोडलेल्या शिक्षकाचे चित्र दिले. सहकारी, पालक आणि गावातली माणसे, अभ्यासक्रमाची कागदपत्रे, ब्लॉग, विकी, गप्पांची दालने अशा अनेक ठिकाणांशी शिक्षक जोडलेला, आणि जोडणाऱ्या बाणांना दोन्हीकडे टोके. शिक्षक ज्ञान नुसते घेत नाही, देतोही, एवढा मोठा विचार त्या दुसऱ्या टोकात होता. २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठातून घेतलेल्या खुल्या अभ्यासक्रमात सुमारे २२०० जण सामील झाले. ज्ञान हे जोडण्यांच्या जाळ्यात असते, हा त्या अभ्यासक्रमाचा विषय असल्यामुळे आपापले जाळे काढून पाहण्याच्या कल्पनेला तिथे बळ मिळाले. त्याच सुमारास कॅनडातलेच स्कॉट लेस्ली यांनी अशी चित्रे एका ठिकाणी जमवली आणि त्यांची वर्गवारी केली : काही साधनांभोवती रचलेली, काही कृतींभोवती, काही माणसांभोवती, तर काही मिश्र किंवा अमूर्त. ही वर्गवारी आजही या विषयातली सर्वांत उपयोगी खूण आहे असे मला वाटते. कारण एकच माणूस स्वतःचे शिकणे तीन वेगळ्या तऱ्हांनी काढू शकतो आणि प्रत्येक वेळी त्याला वेगळे काही दिसते, हे तिच्यातून कळते.

साधनांभोवती रचलेल्या चित्रांचे पुढे काय झाले, हे पाहिले की त्यांची मर्यादा समजते. निंग या सेवेवर शिक्षकांनी कितीतरी समूह उभे केले होते. २०१० मध्ये तिची फुकट सोय संपली. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. स्टोरिफाय २०१८ मध्ये गेले. विकीस्पेसेस ही शिक्षकांची आवडती सेवाही त्याच वर्षी बंद पडू लागली, आणि लेस्ली यांचा चित्रसंग्रह मुळात तिच्यावरच मांडलेला होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये गूगल प्लस संपले. ट्विटरचे २०२३ मध्ये नावही बदलले आणि अनेक शिक्षकांची तिथली ऊठबस मोडली. ब्रिटनमधील जेन हार्ट २००७ पासून दरवर्षी शिकण्याच्या साधनांची यादी जगभरातल्या लोकांच्या मतांवरून करतात. तिच्यात २००९ पासून २०१५ पर्यंत ट्विटर सलग पहिले होते, २०१६ मध्ये ती जागा यूट्यूबने घेतली. म्हणजे २०१० साली काढलेला साधनांचा नकाशा आज उघडला तर त्यातली निम्मी चिन्हे ओळखूही येणार नाहीत. यावर कोणी म्हणेल की शहराचा नकाशाही जुना होतो, तेवढ्याने नकाशा काढणे चूक ठरत नाही. नवा काढावा, त्यावर तारीख घालावी. हे खरे आहे. पण अडचण नकाशा जुना होण्याची नाही. साधन गेल्यावर शिक्षकाचे नेमके काय गेले, हे तो नकाशा सांगू शकत नाही, ही अडचण आहे. गूगल रीडरचेच पाहा. ते वापरणारा शिक्षक आपल्या पसंतीची पंधरा-वीस ठिकाणे स्वतः निवडून तिथले नवे लिखाण रोज वाचत असे. ते बंद झाल्यावर कोणी तशीच दुसरी सेवा घेतली, कोणी ट्विटरवर गेले. साधनांच्या नकाशात दोघांनीही एक चिन्ह खोडून दुसरे काढले, इतकेच दिसते. प्रत्यक्षात पहिल्याचे शिकणे होते तसेच राहिले, तर दुसऱ्याच्या वाचनाची निवड त्याच्या हातून निसटून इतरांच्या हाती गेली. एवढा मोठा फरक चिन्हात मावत नाही. रेषेवर दोन शब्द लिहिले असते तर तो दिसला असता.

रेषेवर शब्द लिहिण्याची परंपरा खरे तर या साऱ्या चित्रांहून जुनी आहे. कॉर्नेल विद्यापीठातले जोसेफ नोव्हाक १९७२ च्या सुमारास मुलांच्या विज्ञानविषयक समजुती काळानुसार कशा बदलतात याचा अभ्यास करत होते. तो पुढे १२ वर्षे चालला. मुलाखतींच्या ढिगातून समज कशी दाखवायची, या अडचणीतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकल्पना नकाशाची रीत घडवली. तिचा पाया डेव्हिड ऑसुबेल यांच्या सिद्धांतात होता : नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाला अर्थपूर्ण रीतीने जोडले गेले तरच ते टिकते. या रीतीत दोन संकल्पनांमध्ये नुसती रेघ ओढणे पुरेसे मानले जात नाही. त्या रेघेवर जोडणारे शब्द लिहावेच लागतात. ‘पाणी’ आणि ‘वाफ’ यांच्यामध्ये रेघ ओढली म्हणजे मुलाला काही कळले असे ठरत नाही. मधे ‘तापल्यावर होते’ असे लिहिले तर त्याला काय कळले आहे ते तपासता येते. चूकही तिथेच पकडता येते. शिक्षकांच्या डिजिटल शिकण्याची चित्रे काढणाऱ्यांनी नोव्हाक यांच्याकडून गोल आणि रेघा घेतल्या, पण रेघेवरचे शब्द बहुतेकांनी सोडून दिले. त्यामुळे यूट्यूबकडे जाणारी रेघ आणि सहकाऱ्याकडे जाणारी रेघ कागदावर सारखीच दिसते. एकीतून शिक्षक रात्री एकट्याने प्रयोगाची चित्रफीत पाहतो, दुसरीतून त्याला आपला पाठ फसला हे मोकळेपणाने सांगता येते. या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयत्न डेव्हिड व्हाइट आणि अॅलिसन ल कॉर्न्यू यांचा. त्यांचा लेख २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी दहा वर्षे, २००१ मध्ये, मार्क प्रेन्स्की यांनी तरुण म्हणजे डिजिटल जगाचे जन्मजात नागरिक आणि प्रौढ म्हणजे स्थलांतरित, अशी विभागणी लोकप्रिय केली होती. त्या विभागणीने शिक्षकांवर मोठा अन्याय केला, कारण वय पाहूनच त्यांना मागासलेले ठरवले गेले. व्हाइट आणि ल कॉर्न्यू यांनी वयाऐवजी हेतू पाहिला. इंटरनेटकडे कोणी अवजारांच्या खोलीसारखे पाहतो : गरज पडली की जायचे, हवे ते घ्यायचे, काम झाले की जागेवर ठेवून निघायचे. त्याला त्यांनी पाहुणा म्हटले. दुसरा तिथे वावरतो, लोकांना भेटतो, बोलतो, स्वतःची ओळख मागे ठेवतो, तो रहिवासी. या माणसांच्या दोन जाती नव्हेत. एकच माणूस एका कामासाठी पाहुणा असतो आणि दुसऱ्यासाठी रहिवासी. पुढे पाहुणा ते रहिवासी या आडव्या अक्षाला एक उभा अक्ष जोडला गेला : एका टोकाला खासगी आयुष्य, दुसऱ्या टोकाला संस्था. कागदावर हे दोन अक्ष आखायचे आणि आपण जे वापरतो ते आपल्या वागण्यानुसार त्यात बसवायचे. साधन तेच असले तरी त्याची जागा माणसागणिक बदलते, ही या नकाशाची ताकद आहे. एकाचे फेसबुक खासगी-रहिवासी कोपऱ्यात असते, दुसऱ्याचे संस्थेच्या बाजूला, कारण तो तिथे फक्त शाळेचे पान सांभाळतो.

या मांडणीतून एक फार महत्त्वाचा मुद्दा निघतो, आणि नकाशांविरुद्धच्या एका वजनदार आक्षेपाला तो उत्तर देतो. आक्षेप असा : हाताने काढलेले चित्र म्हणजे माणसाची स्वतःबद्दलची समजूत. आता तर प्रत्येक क्लिकची नोंद होते. मग नोंदींवरून यंत्राकरवीच जाळे का काढू नये? कोण कोणाला उत्तर देतो, कोण कोणाचे पुढे पाठवतो, हे मोजून शिक्षकांच्या जाळ्यांची विश्लेषणे झालीही आहेत. ती उपयोगी आहेत. मात्र अशा विश्लेषणांत दिसते ते रहिवाशाचे वागणे. पाहुणा इतरांना दिसेल असे मागे काहीच ठेवत नाही. जो शिक्षक गटातले सगळे वाचतो पण कधी लिहीत नाही, दुसऱ्या दिवशी त्यातली एक युक्ती वर्गात वापरून पाहतो आणि दुपारच्या सुट्टीत शेजारच्या वर्गावरच्या बाईंना सांगतो, त्याचे हे सारे शिकणे यंत्राच्या दृष्टीने घडलेलेच नसते. टॉरी ट्रस्ट, डॅनियल क्रुटका आणि जेफ्री कार्पेंटर यांनी २०१६ मध्ये ७३२ शालेय शिक्षकांच्या उत्तरांवरून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शिक्षकांची जाळी ही केवळ माहितीची नसून आधाराची, ओळख घडण्याची आणि भावनिक बळाचीही असतात, असे दिसले. पुढे त्यांनी अशा जाळ्याकडे माणसे, जागा आणि साधने या तीन अंगांनी पाहण्याची चौकट सुचवली. आधार मिळाला, धीर आला, हे कोणती प्रणाली नोंदवणार? ते शिक्षकालाच काढावे लागते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी धारदार होतो, कारण इथे साधनांचा नकाशा काढायला बसलो तर बहुतेक शिक्षकांचा कागद एकाच चिन्हाने भरून जाईल : व्हॉट्सअॅप. त्याच्या शेजारी यूट्यूब, दीक्षा हे सरकारी शैक्षणिक व्यासपीठ, बालभारतीच्या संकेतस्थळावरची पाठ्यपुस्तके, टेलिग्राम, गूगलचे फॉर्म अशी थोडी चिन्हे येतील. या चित्रावरून राज्यातले लाखो शिक्षक एकसारखे शिकतात असा निष्कर्ष निघेल आणि तो साफ चुकीचा असेल. एका शिक्षकाच्या फोनमध्ये शाळेचा गट असतो, केंद्राचा म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाचा असतो, तालुक्याचा असतो, विषयाचा असतो, डी.एड.च्या बॅचचा असतो, संघटनेचा असतो, पालकांचाही असतो. केंद्राच्या गटावर केंद्रप्रमुखांचे निरोप येतात, माहिती ताबडतोब भरण्याच्या सूचना येतात. तिथे शिक्षक वाचतो आणि ‘ओके सर’ म्हणतो. विषयाच्या गटावर तो सरावपत्रिका उचलतो. बॅचच्या गटावर मात्र तो पहिलीच्या मुलाला वाचता का येत नाही, हे न लाजता विचारतो. अॅप एक, पण त्यात शिकण्याच्या तीन वेगळ्या जागा, तीन वेगळी नाती. चिन्ह एकच काढले तर हे तिन्ही पुसले जाते. गटाच्या सदस्यसंख्येवरची मर्यादा बराच काळ २५६ होती, २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. गट मोठा झाला की मोकळेपणाने विचारणारे गप्प होतात, हे सहज पटण्याजोगे आहे. पण नकाशात गटाकडे जाणाऱ्या रेषेवर ‘विचारतो’ की ‘वाचतो’ हे लिहिलेले असेल, तरच हा बदल एका वर्षाच्या नकाशातून दुसऱ्या वर्षाच्या नकाशात दिसेल.

व्हाइट आणि ल कॉर्न्यू यांचा उभा अक्षही इथे वेगळाच प्रकाश टाकतो. पाश्चात्त्य विद्यापीठांतला प्राध्यापक संस्थेचे काम संस्थेच्या ईमेलवर करतो आणि खासगी गप्पा दुसरीकडे मारतो. त्याच्या कागदावर दोन अर्धी वेगळी पडतात. आपल्याकडे जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचा स्वतःचा फोन, स्वतःचा क्रमांक, स्वतःच्या पैशाचा डेटा हेच कार्यालयही असते. आदेश, शिकणे आणि घरच्या लग्नाचे फोटो एकाच पडद्यावर एकामागून एक येतात. अशैक्षणिक आणि ऑनलाइन माहितीच्या कामांबद्दल शिक्षक संघटना वर्षानुवर्षे तक्रार करत आल्या आहेत, ती कामाच्या तासांपुरती नाही. जिथे शिकायला बसायचे त्याच जागेत हुकूम येऊन पडतात, हे तिच्या मुळाशी आहे. आपल्या गटांची जागा या अक्षावर मांडून पाहिली तर शिकण्यासाठी सुरू झालेला गट कधी आणि कसा संस्थेच्या टोकाकडे सरकला, हे शिक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मग तो गट पुन्हा शिकण्यासाठी राखायचा की नवा काढायचा, हे सदस्यांना ठरवता येते. यादीत हे कधीच उघडे पडत नाही.

नकाशातली मोकळी जागाही वाचण्यासारखी असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की नोकरीची नवी बातमी लोकांना जवळच्या मित्रांकडून कमी आणि तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण जवळच्यांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. तालुक्यातल्या शिक्षकांच्या गटांवर एकच सरावपत्रिका सहा ठिकाणांहून फिरून येते, ती याच कारणाने. सगळ्या रेषा एकाच वर्तुळात फिरत असतील, तालुक्याबाहेर, दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत, महाविद्यालयात, आदिवासी भागात काम करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाकडे जाणारी एकही रेषा नसेल, तर नवे काही येणार कुठून? मराठीत विश्वकोश ऑनलाइन आहे, मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण शिक्षकाच्या नकाशात त्यांच्याकडे जाणारी रेषा असेल तर ती जवळजवळ नेहमी एकेरी असेल, घेण्याची. आपल्या गावच्या पिकांवर, बोलीवर, ओढ्यावर चार ओळी लिहू शकणारा शिक्षक विकिपीडियावर लिहीत नाही, ही मराठीची फार मोठी हानी आहे, आणि ती बाणाच्या न काढलेल्या दुसऱ्या टोकात दिसते.

आणखी दोन आक्षेपांचा विचार करायला हवा. पहिला, ज्याच्याकडे एकच फोन आहे, रेंज गावाबाहेरच्या टेकडीवर मिळते, त्याच्यासमोर हा कागद ठेवणे म्हणजे त्याची कमतरता त्याला दाखवणे नव्हे काय? साधनांचा नकाशा असेल तर हा आक्षेप पूर्ण खरा आहे. तिथे श्रीमंत शाळेतल्या शिक्षकाचा कागद भरलेला आणि दुर्गम पाड्यावरच्या शिक्षकाचा रिकामा दिसेल. पण रेषांच्या नकाशात कागदी वस्तू आणि समोरासमोरची माणसेही येतात. केंद्रातली शिक्षण परिषद, कपाटातले जुने हस्तपुस्तक, अंगणवाडीतल्या ताई, मुलाच्या घरी बोलली जाणारी बोली शिकवणारी आजी, हे सगळे त्यात काढता येते आणि काढलेच पाहिजे. केवळ डिजिटल ते काढायचे अशी अट घातली तर नकाशा खोटा होतो, कारण शिक्षकाला फोनवर मिळालेली कल्पना पक्की होते ती बहुधा फोनबाहेरच्या बोलण्यात. दुसरा आक्षेप, माणूस स्वतःचे चित्र सजवतो. जे वापरायला हवे असे वाटते तेही काढतो. हेही घडते. त्यावर उपाय साधा आहे. गेल्या महिन्यात ज्या रेषेतून खरोखर काही गेले तेवढीच काढायची, काय गेले ते तिच्यावर लिहायचे, आणि मग सहकाऱ्याच्या नकाशाशेजारी ठेवून बोलायचे. एकाने दुसऱ्याकडे काढलेली रेषा दुसऱ्याच्या कागदावर नसेल तर त्या दोघांना बोलण्यासारखे बरेच काही सापडते. अर्ध्या तासाचे काम, कागद आणि पेन.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि या नकाशांपुढे नवा पेच उभा राहिला. पाहुणा-रहिवासी अक्षावर ते कुठे ठेवायचे? तिथे संवाद होतो, म्हणून रहिवाशाच्या बाजूला ठेवावेसे वाटते. पण समोर माणूस नाही, कोणी ओळख ठेवत नाही, म्हणून पाहुण्याच्या बाजूला. माझ्या मते जागेपेक्षा महत्त्वाचे हे की त्याच्यामुळे कोणत्या रेषा पुसट झाल्या. पाठाचे टाचण करून घ्यायला यंत्र वापरले तर शिक्षकाचा वेळ वाचला, आणि ते चांगलेच. पण ‘हा मुलगा हातचा घेताना सारखा का चुकतो’ हा प्रश्न आजवर शेजारच्या वर्गावर किंवा बॅचच्या गटावर जात होता आणि आता यंत्राकडे जाऊ लागला, तर विचारणाऱ्याला उत्तर मिळेल, पण ज्याला विचारले असते त्याचे शिकणे थांबेल. दुसऱ्याचा प्रश्न सोडवताना शिक्षक जे शिकतो ते फार मोलाचे असते. साधनांच्या नकाशात एक नवे चिन्ह आले एवढेच दिसेल आणि ती भर वाटेल. दोन वर्षांचे रेषांचे नकाशे शेजारी ठेवले तर ‘विचारतो’ लिहिलेल्या किती रेषा माणसांकडून हलल्या, ते कळेल. हे आत्ताच नोंदवले नाही तर पुढे समजणार नाही.

उरला प्रश्न या कागदाच्या मालकीचा, आणि त्यावर तडजोड होऊ नये असे मला ठामपणे वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे, आणि ते त्याच्या स्वतःच्या रुचीनुसार असावेत असेही. तास मोजणे सोपे आहे. दीक्षावरचा अभ्यासक्रम पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळते आणि ते वरच्या कार्यालयात दाखवता येते. रुची मात्र मोजली जात नाही, आणि ती समजून घेण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नसल्यामुळे उद्या कोणीतरी हे नकाशे पोर्टलवर चढवायला सांगेल, अशी भीती वाटते. तसे झाले तर त्याच दिवशी शिक्षक बॅचच्या गटाची रेषा खोडेल आणि दीक्षाचे चिन्ह मोठे करून काढेल. शिवाय त्या रेषांच्या दुसऱ्या टोकाला माणसे आहेत, त्यांनी आपले नाव कोणत्याही कार्यालयात द्यायला संमती दिलेली नाही. डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) किंवा केंद्राच्या पातळीवर प्रशिक्षणात कोरा कागद द्यावा, अक्ष आणि रेषेवर लिहिण्याची रीत समजावून सांगावी, जोडीने चर्चा करू द्यावी आणि कागद शिक्षकाकडेच राहू द्यावा. कार्यालयाला काही हवेच असेल तर सर्वांनी मिळून एवढेच कळवावे : गेल्या महिन्यात कोणता प्रश्न विचारायला जागा सापडली नाही.